बंडूजींनी नाक मुरडलेलं तेल

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघ्यात लग्नाची कढई चुलीवर चढायच्या आधी तेलाचा डबा बंडूजींच्या नाकाखालून जायचा. तशी रीतच पडून गेली होती. आचारी झाकण उघडायचा. बंडूजी तळहातावर थेंबभर तेल घ्यायचे, दुसऱ्या हाताच्या बोटानं ते घासायचे, डोळे मिटायचे, आणि नाक तळहाताला टेकवून असा लांब श्वास घ्यायचे की मांडवातली पोरंसुद्धा चूप व्हायची.

"शेंगदाणा हाय," ते सांगायचे, "पण सरकीशी सोयरीक झाली हाय त्याची."

यजमानाचा चेहरा पडायचा, दुकानदाराचा त्याहून जास्त.

बंडूजींची तेलाची घाणी होती. वडिलांच्या वेळी तिला बैल जुंपलेला असायचा. बंडूजींनी विजेची मोटर बसवली, पण उखळ आणि त्यात फिरून दाणे पिळणारी लाट लाकडाचीच ठेवली, कारण लोखंडात पिळलेल्या तेलाला त्यांच्या मते 'स्वभाव' नसतो. तीळ, जवस, शेंगदाणा. घरात शिरलं की आधी ताज्या पेंडीचा वास यायचा आणि मग माणसं दिसायची.

हे नाक फक्त धंद्यापुरतं असतं तर शोभाबाईंचा संसार सोपा झाला असता. पण बंडूजी दुनियेचाच वास घ्यायचे. लेकीसाठी, कोकिळेसाठी, आर्वीचं स्थळ आलं तेव्हा शोभाबाईंनी मुलाचं शिक्षण विचारलं, कापडाच्या दुकानात भाऊ किती वाटेकरी आहेत ते विचारलं, घरात विहीर आहे की नळ तेही विचारलं. बंडूजींनी काहीच विचारलं नाही. ते उठून देवघरासमोर गेले, समईवर वाकले, आणि परत येऊन म्हणाले, "तिळाचं हाय. जमवून टाका." देवापुढे हलकं तेल न जाळणारं घर लेकीला उपाशी ठेवणार नाही, असा त्यांचा हिशेब. शोभाबाई वर्ध्याच्या कॉलेजात बी.ए.पर्यंत शिकलेल्या. त्यांना ह्या हिशेबात एकही पायरी धड दिसली नाही. पण जावई प्रभाकरराव खरोखरच चांगले निघाले, आणि तेव्हापासून नवऱ्याच्या नाकाशी वाद घालणं अवघड होऊन बसलं.

नवऱ्याला वासाचा नाद, तसा शोभाबाईंना काळजीचा. दूध उतू जाण्याची काळजी, न तापण्याची काळजी, आणि दोन्ही झालं नाही तर आज असं कसं झालं ह्याची काळजी. कोकिळेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा त्यांना आनंद झाला, तो साधारण संध्याकाळच्या चहापर्यंत टिकला.

ह्या साऱ्यात एक गाडीही होती, ती कुठून आली ते सांगायला हवं. ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराला बंडूजींनी कुठल्याशा सरकारी लिलावातून एक जुनी पिकअप घेतली. तोंड जीपचं, मागे उघडा हौदा. देवळीच्या बाजारातून जवसाची पोती आणायची, पेंड पोचवायची, असा बेत. पण खरा बेत वेगळाच होता. कोकिळेच्या पाठवणीच्या दिवशी ती वऱ्हाडाच्या गाडीत हमसून रडत बसली होती, तेव्हा बंडूजींनी खिडकीतून तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "रडू नको. पहिल्या बाळंतपणाले तुले आपल्या घरच्या गाडीत आणीन." घरी तेव्हा एक सायकल होती. बोलून गेलेलं खरं करायला माणसं काय काय करतात!

तर पिकअप आली, हिरवी रंगवली गेली, आणि थोड्याच दिवसांत मागून रडायला लागली.

मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो. इंजिनाचा जोर त्यातल्या दातांमधून चाकांकडे वळतो. त्याला श्रावण मिस्त्री 'डिफ्रन्सल' म्हणायचा. श्रावणचं गॅरेज म्हणजे गावाजवळच्या आर्वी नाक्यावर एक बाभूळ आणि तिच्या सावलीत खणलेला खड्डा. त्यानं गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरला, गोळ्याचं बूच काढलं आणि आतूनच ओरडला, "बंडूजी, ह्यात तेल नाई, तेलाची आठवण हाय. मधुकररावाकडून डिफ्रन्सलचं तेल आणा. वासवालं सांगजा."

'वासवालं' म्हटल्यावर बंडूजी खुशीनं निघाले. शोभाबाई बाजाराची पिशवी घेऊन बरोबर होत्याच. त्यामुळे पुढचं सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि जन्मभर सांगितलं.

मधुकररावांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तेल ते पिंपातून सुटंही द्यायचे. त्यांनी तीन मापं भरून फळीवर ठेवली. "हे नव्वद नंबर, साधं. हे एकशे चाळीस, जाड हाय, पण साधंच. अन् हे बी नव्वदच, पण खास डिफ्रन्सलचं."

बंडूजींनी बाह्या मागे सारल्या. आधी खास माप उचललं. थेंब, तळहात, बोट, मिटलेले डोळे, लांब श्वास.

आणि मग त्यांची मान अशी मागे गेली, जणू कुणी आतून लाथ मारली.

"अगं माय!" डोळ्यांतलं पाणी पुसत ते म्हणाले. "मधुकरराव, हे तर मेलं हाय!"

वास खरोखर भयंकर होता. ओल्या काडेपेटीचा गंधक आणि सडक्या कांद्याचं पोतं ह्यांचा संसार थाटला तर जसा येईल, तसा. शोभाबाईंनी पदर नाकाला लावला.

"त्याले तसाच वास असते जी," मधुकरराव म्हणाले.

"खवट तेलाच्या दुकानात सारेच असं म्हणते."

मग त्यांनी एकशे चाळीस घेतलं. ते मधासारखं जाड, सोनेरी. बोटावरून ओघळायला तयार नाही. वास अगदी मवाळ. बंडूजींचा चेहरा खुलला. आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी ते बोट जिभेला लावलं.

"अजी!" शोभाबाई किंचाळल्या.

"खाऊ नका ना बाप्पा ते!" मधुकरराव फळीवरून अर्धे बाहेर आले.

"खाऊन नाई राह्यलो, पारखून राह्यलो," बंडूजी शांतपणे म्हणाले. "गोड नाई, पण खवट बी नाई. खानदानी तेल हाय. हेच द्या."

श्रावणनं डबा पाहिला आणि डोकं खाजवलं. "हे नाई चालत जी. वासवालं सांगितलं होतं."

"मले सांग, काऊन पाह्यजे ते मेलेलं तेल?"

"ते मले नाई मालूम. कंपनी तेच टाका म्हणते. माह्या उस्तादानं तेच टाकलं, मी बी तेच टाकतो."

"कंपनीले नाक हाय काय?"

श्रावणनं थोडा विचार केला. "ते बी मले नाई मालूम," तो म्हणाला, आणि एकशे चाळीस नंबर भरून मोकळा झाला. गाडी बंडूजींची, तेल बंडूजींचं, आणि दुपारचं ऊन त्याच्या डोक्यावर.

गंमत अशी की आवाज थांबला. जाड तेलात दात बुडाले आणि गोळा गप्प झाला. बंडूजींनी पिपरीत गाडीच्या चार फेऱ्या मारल्या. जो भेटेल त्याला थांबवून विचारलं, "ऐकू येते काय काही?" ज्यांना गाडी आधी रडायची हेच माहीत नव्हतं, तेही नाही म्हणाले. त्यामुळे पुरावा भक्कम झाला.

सातवा महिना लागला. आर्वीहून निरोप आला की अमावस्या टाळून केव्हाही न्यायला या. सेवाग्रामच्या दवाखान्यात नाव घालून झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच बजावलं होतं की धक्के बसू देऊ नका, आणि वाटेत ताटकळत ठेवू नका. शोभाबाईंनी त्यातलं 'वाटेत' हे एवढंच ऐकलं. आर्वीची वाट खरांगण्याच्या जंगलातून जाते. चढ आहेत, उतार आहेत, आणि मधल्या पट्ट्यात माणसापेक्षा माकडं जास्त. तिथे गाडी अडली तर? दुपार टळली तर? कोकिळेच्या पोटात दुखू लागलं तर? प्रत्येक 'तर'च्या पोटी आणखी दोन 'तर' जन्माला येत होते. त्या 'तर'ना बाळंतपणासाठी कुठे न्यायची गरज पडत नव्हती.

नेमकं ह्याच वेळी गोळ्याचं रडणं परत सुरू झालं.

ह्यावेळी ते वेगळं होतं. चढावर गुणगुण, आणि उतारावर पाय उचलला की लांब हेल काढून रडणं. शोभाबाईंना तो आवाज थेट तान्ह्या मुलाचा वाटला. त्या पेंडीच्या पोत्यांबरोबर सेवाग्रामपर्यंत बसून गेल्या आणि परत आल्या ते तोंड शिवूनच.

"तेल रुळून राह्यलं," बंडूजी म्हणाले.

"रडून राह्यलं," शोभाबाई म्हणाल्या.

"तुले ऐकू येते, मले तर काई नाई येत."

"तुमचे कान नाकातच अडकून बसले, तुम्हाले काय ऐकू येईल! ऐका, मी सांगून ठेवते. त्या गाडीत माझी पोरगी बसणार नाई. भाड्याची मोटार करा."

बंडूजींनी हातातला घास ताटात ठेवला. ओरडले असते तर शोभाबाईंना बरं वाटलं असतं. पण ते अगदी हळू बोलले, "मी तिले शब्द देल्ला होता, कोकिळेची माय." आणि उठून घाणीकडे गेले.

शोभाबाईंना वाईट वाटलं. पण काळजीला वाईट वाटून भागत नाही. दुसऱ्या दिवशी वरणाला फोडणी देता देता त्यांनी हाक मारली आणि हिंगाची डबी उघडून नवऱ्याच्या नाकाखाली धरली.

"कसा हाय?"

बंडूजींनी मान मागे घेतली. "उग्र हाय. अस्सल."

"अन् वास नसलेला?"

"तो काय हिंग हाय? मैद्याची गोळी."

शोभाबाईंनी डबीचं झाकण लावलं. तव्यावर पोळी टाकली. बंडूजी तिथेच उभे होते.

"तेल अन् हिंग सारखं नसते," ते शेवटी म्हणाले.

"मी कुठं म्हटलं?"

"म्हटलं नाई, पण डबी दाखवली."

"म्हणजे आता डबी बी दाखवू नको काय तुम्हाले?"

त्या दिवशी बंडूजींनी वरण नेहमीपेक्षा कमी खाल्लं. आणि सकाळी चहा न घेताच गाडी घेऊन बाहेर पडले. शोभाबाईंना आधी काळजी वाटली की रागानं गेले, आणि मग त्याहून मोठी काळजी वाटली, कारण कणीक मळायची पितळी परात जागेवर नव्हती.

त्या तशाच चपला घालून आर्वी नाक्यावर गेल्या. गाडी खड्ड्यावर उभी होती आणि खड्ड्यात श्रावणच्या शेजारी, धोतराचा काचा मारून, बंडूजी स्वतः उभे होते. गोळ्याखाली शोभाबाईंची परात. खालचं बूच निघालं आणि ते खानदानी तेल धार धरून परातीत उतरलं. सोनेरी राहिलं नव्हतं. काळपट झालं होतं.

"माझी परात!" शोभाबाई वरून म्हणाल्या.

बंडूजींनी वर पाहिलंच नाही. त्यांनी दोन बोटं तेलात बुडवली आणि अंगठ्यानं घासली. नाकाशी नेली नाहीत. नुसती घासत राहिले, सावकाश, डोळे मिटून. मग हात उन्हात धरला. बोटांवर बारीक चमचम होती, जशी जरीच्या लुगड्याची झाडलेली धूळ.

"कणी हाय," ते म्हणाले.

"दातांची हाय," श्रावण म्हणाला. "झिजून राह्यले."

बंडूजी खड्ड्याच्या कडेला टेकून बसले. आणि मग जे बोलले ते श्रावणला नव्हतं, शोभाबाईंनाही नव्हतं. घाणीशी बोलावं तसं बोलले.

"घाणीत असंच होते. शेंगदाण्याले पाण्याचा हबका नाई मारला, की जिथं लाटीचा दाब सर्वात जास्त, तिथं लाकूड लाकडाले लागते. वरून तेलाचं तळं दिसते, अन् खाली कोरडं. घाणी जळते. लाकडाची कणी येते तेलात. तेल जाड असून काय फायदा? दाबाखाली ते पळूनच जाते." त्यांनी गोळ्यावर हात ठेवला. "ह्यात बी दाब असन. लोखंडाचा लोखंडावर. तिथं टिकून राहीन, पळणार नाई, असं काहीतरी पाह्यजे तेलात. त्याचाच तो वास."

"असंच असन जी," श्रावण म्हणाला. इतकी वर्षं तो ते तेल भरत होता. कारण त्याला आज पहिल्यांदा मिळालं, आणि फुकट.

शोभाबाईंच्या ओठांवर हिंगाचा विषय आला होता. पण खड्ड्यातल्या माणसाचं तोंड पाहून त्यांनी तो गिळला. पुढे वापरायला राहील, असंही त्यांच्या मनात आलं.

श्रावणनं रॉकेलनं गोळा आतून धुतला. मधुकररावांकडून खास डिफ्रन्सलचं तेल आलं. मधुकरराव ते स्वतः घेऊन आले, कारण असा प्रसंग चुकवणं त्यांना जमलं नसतं. "चाखून पाहता काय?" त्यांनी विचारलं. बंडूजींनी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला. त्यांनी कुणालाच हात लावू दिला नाही, बुचाच्या तोंडाशी येईपर्यंत तेल स्वतः भरलं. हात, धोतर, मिशी, सगळ्याला तो वास लागला. शिकेकाई लावली, बेसन लावलं, राख लावली, लिंबू चोळलं. लिंबाचा वास गेला, तेलाचा राहिला.

झिजलेले दात परत येत नाहीत. पण श्रावणनं बूच लावताना सांगितलं की वेळेवर उघडलं, दात अजून जागेवर आहेत. खरांगण्यापर्यंत जाऊन पाहायचं ठरलं. बंडूजींनी शोभाबाईंना शेजारी बसवलं आणि म्हणाले, "मी चालवतो, तू ऐक. तू म्हणशील तर आर्वी, नाई तर भाड्याची मोटार. मी एक शब्द बोलणार नाई."

शोभाबाईंना आयुष्यात इतका अधिकार कधी मिळाला नव्हता. त्यांनी खिडकीबाहेर मान काढून चढ ऐकला, उतार ऐकला, परत फिरवायला लावून तोच उतार पुन्हा ऐकला. हलकी गुणगुण होती, जशी कुणी बाई जात्यापाशी बसून स्वतःशीच करते. रडणं नव्हतं. त्यांनी अजून एक उतार मागितला. बंडूजींनी तोही दिला.

"आर्वी," शेवटी त्या म्हणाल्या.

न्यायला गेले त्या दिवशी बंडूजींनी पांढरं शुभ्र धोतर नेसलं होतं. हौद्यात गादी, गादीवर सतरंजी, पण कोकिळेला पुढेच बसवायचं ठरलं होतं. आर्वीला प्रभाकररावांची आई, रुख्मिणीबाई, दारात पाय धुवायला पाणी घेऊन आल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. बाई बोलायला तिखट, आणि व्याह्यांची फिरकी घ्यायची तर त्यांना हक्कच होता.

"हे काय जी, इवाईबुवा?" पदर नाकाशी नेत त्या म्हणाल्या. "तुमच्या घाणीचं तेल खवट झालं काय?"

ओसरीवर चार नातेवाईक बसले होते. सगळे हसले. शोभाबाईंनी चटकन नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस ह्याहून कितीतरी लहान बोलण्यावरून लग्नाच्या पंगतीतून उठून गेला होता. घाणीवाल्याच्या तेलाला त्याच्याच तोंडावर खवट म्हणणं म्हणजे काय, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

बंडूजींनी पायावर पाणी घेतलं. दोन्ही हात जोडले.

"हो जी, इहीणबाई," ते म्हणाले. "खवटच हाय. लेकीसाठी मुद्दाम आणलं."

रुख्मिणीबाईंनी नाकाचा पदर खाली घेतला. त्यांनी आत जाऊन चहा टाकला आणि साखर दुप्पट घातली. कोकिळेनं मात्र बापाजवळ येऊन नाक मुरडलं, "बाबा, शी! कुठं लोळून आलते तुम्ही?" आणि तरी ती त्यांनाच टेकून गाडीपर्यंत चालत गेली.

ओटी भरून झाली, निरोप झाले, आणि गाडी निघाली. कोकिळा मधे, शोभाबाई खिडकीशी. बंडूजी गाडी अशी चालवत होते, जणू हौद्यात तेलाची उघडी कढई ठेवली आहे. बैलगाड्या मागून येऊन पुढे गेल्या. जंगल लागलं तोवर कोकिळा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, तोंड थोडं उघडं, लहानपणी झोपायची तशी. एक हात पोटावर होता. शोभाबाईंनी तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि कान मागच्या गोळ्याकडे लावले.

मोठा उतार आला. बंडूजींनी पाय उचलला. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांच्यानं राहवलं नाही.

"ऐकू येते काय काही?" त्यांनी पोरगी जागी होऊ नये अशा आवाजात विचारलं.

"नाई."

"नीट ऐक."

"नाई म्हणते ना." शोभाबाईंनी लेकीच्या कपाळावरचे केस मागे सारले. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "वास लय येऊन राह्यला पण."

"येऊ दे," बंडूजी म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मान मागे न घेता एका खवट तेलाचा लांब श्वास घेतला.